शर्यतीची सायकल: पहिल्या वर्षी खर्च किती?

घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगावचा सपाट, तापणारा पट्टा. वर अजिंठ्याच्या रांगेवर बुलढाणा. मधे राजूरचा आणि बोथ्याचा घाट. सरावाला चढ आणि सपाटी इतकी जवळजवळ मिळणारे जिल्हे थोडेच. नोकरी-शेती सांभाळून पहिल्या वर्षी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, पूर्ण करायची तर ५६ ते ६१ हजार रुपये धरून चाला. खाली दिलेले आकडे अंदाजी आहेत, दुकानागणिक फरक पडेल.

ब्रेव्हेला पहिला-दुसरा नंबर नसतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे, एवढाच नियम. म्हणून शर्यतीत उतरण्याआधी हौशी माणसाने इथूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. लांब पल्ल्याची ही वाट विदर्भाला नवी नाही.

सायकलीला ३५ ते ४० हजार पुरतात. अॅल्युमिनियमची, गिअरची रोड बाईक घ्या; कार्बनच्या मोहात पडू नका. सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिल नीट पाहा. खरेदीला अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठावे लागले तरी जा, पण मापाची फ्रेम बसून, चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नका. चुकीच्या मापाने गुडघे आणि कंबर धरते, मग सायकल भिंतीला टेकून राहते.

हेल्मेट २ हजार, पॅडच्या दोन चड्ड्या ३ हजार, पुढचा-मागचा दिवा २ हजार. यात काटकसर नको. जर्सी मात्र जुन्या टी-शर्टवर भागते.

आपल्याकडे खरा खिसा कापतो तो बाभळीचा काटा. कुंपणाच्या काट्या गाडीतून नेताना रस्त्यावर सांडतात आणि बारीक टायरमध्ये अलगद शिरतात. पंक्चर झाल्यावर नुसती ट्यूब बदलून निघू नका. टायर उलटा करून आतून बोट हळूहळू फिरवा, काट्याचे मोडलेले टोक हाताला लागेल. ते तसेच राहिले तर नवी ट्यूबही दोन किलोमीटरवर बसते. गावातल्या पंक्चरवाल्याच्या हवेचे नळकांडे या ट्यूबच्या बारीक वॉल्व्हला बसत नाही. शंभराच्या आत मिळणारा अडॅप्टर खिशात ठेवा. दोन ट्यूब, छोटा पंप आणि हत्यारे मिळून ३ हजार. काट्यांना तोंड देणारे दोन टायर ४ हजार. चेन, ब्रेकचे पॅड, सर्व्हिसिंग यांना वर्षाचे ४ हजार. घाट उतरताना ब्रेकचे पॅड भराभर झिजतात, दर महिन्याला पाहत जा. ब्रेव्हेची नोंदणी आणि तिच्या गावी येण्याजाण्याला ३ हजार ठेवा.

खाण्यापिण्यावर मोठा खर्च नको. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, झाले सलाईनचे पाणी. सोबत दर तासाला एक-दोन केळी किंवा गूळ-शेंगदाणे. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत घरी परता. घाटाखालच्या उन्हाशी हिंमत दाखवू नये.

रस्त्याचेही भान हवे. समृद्धी महामार्गावर सायकलीला परवानगी नाही. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ट्रकची वर्दळ असते, सराव आतल्या रस्त्यांवर करा. बोथ्याच्या घाटात ज्ञानगंगा अभयारण्य आहे. तिथे अस्वल आणि बिबट्या आहेत, अंधारात जाऊ नका.

पैशाहून जास्त खर्च होतो वेळ. आठवड्यात तीन सकाळी आणि रविवारी चार-पाच तास जातात, घरच्यांशी बोलूनच ते ठरवा. बदल्यात राजूरचा घाट पाय न टेकवता पहिल्यांदा चढून याल, तेव्हा वर लागणारा वारा कुठल्याही दुकानात मिळत नाही.

खरेदीआधी घरातल्या साध्या सायकलीवर महिनाभर चिखली रस्त्याला रोज तासभर जाऊन या. महिन्यानंतरही पहाटे आपसूक जाग येत असेल तर पैसे काढा, आणि पहिले बिल हेल्मेटचे करा.