न्यू लॅनार्क

स्कॉटलंडमधील क्लाइड नदी एका अरुंद दरीत धबधब्यांवरून खाली कोसळते. या पाण्याच्या जोरावर सूत कातण्याची यंत्रे चालवावीत, या हेतूने डेव्हिड डेल नावाच्या व्यापाऱ्याने १७८५ साली तेथे गिरण्या बांधण्यास प्रारंभ केला. नदीचे पाणी खडकातील भुयारातून गिरण्यांकडे वळविले आणि कामगारांसाठी दगडी घरांच्या रांगा उभारल्या. आखणी करून वसविलेले हे गाव म्हणजेच न्यू लॅनार्क.

आरंभी गिरण्यांत अनाथालयांतून आणलेली शेकडो मुले राबत. सकाळी सहापासून सायंकाळी सातपर्यंत काम. त्यानंतर, डोळ्यांवर झापड येत असता, धडे! १८०० साली डेलचा जावई रॉबर्ट ओवेन याने कारभार हाती घेतला. दहा वर्षांखालील मुलांस कामावर घ्यावयाचे नाही, असे त्याने ठरविले आणि १८१६ साली मोठी शाळा उघडली. त्या शाळेत छडी नव्हती. भिंतींवर प्राण्यांची चित्रे व नकाशे होते; मुले गात, नाचत. ओवेन कनवाळू होता, पण धंद्यातही पक्का होता. प्रत्येक कामगाराजवळ चार रंगांचा एक लाकडी ठोकळा टांगलेला असे. त्याची काळी बाजू समोर दिसली, की आदल्या दिवशीचे काम वाईट झाले हे सर्वांना कळे. बिचाऱ्याला ती लपविताही येत नसे!

१९६८ साली गिरण्या बंद पडल्या. पुढे त्या भंगाराच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेल्या आणि जेथे सूत निघे, तेथे मोडक्या लोखंडाचे ढीग साचले. माणसे गाव सोडून जाऊ लागली. इमारती पाडाव्यात, असाही विचार पुढे आला. परंतु १९७४ साली गावाच्या रक्षणासाठी विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि १९८३ साली गिरण्या कायद्याने सक्तीने विकत घेण्यात आल्या.

मग प्रश्न उभा राहिला, की एवढ्या प्रचंड इमारतींचे करावयाचे काय? नुसत्या रिकाम्या भिंती जपल्या असत्या, तर त्या पुन्हा ढासळल्या असत्या. म्हणून घरे दुरुस्त करून त्यांत कुटुंबे राहावयास आणली. एका गिरणीत प्रवाशांसाठी उपाहारगृहासह निवासस्थान झाले. नदीच्या पाण्यावर पुन्हा वीज निर्माण होऊ लागली. २००१ साली या गावाचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. तेथील संग्रहालयात कताईचे एक जुने यंत्र चालविलेले पाहावयास मिळते. मात्र त्यावर आता कापूस नव्हे, तर लोकर कातली जाते.