लांब कार्डावर वारली चित्र

लग्नघरी सवासिणी भिंतीवर चौक लिहितात. आपल्याकडे चौक ‘लिहिला’ असेच म्हणतात. म्हणजे अक्षरे शिकण्याआधीच आपल्या बायांना लिहिणे येत होते!

पुढे ही चित्रे कागदावर आली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती देशोदेशी पोचवली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपण शुभेच्छेचे लांब कार्ड करू. शहरात कागद साच्याने किंवा विजेच्या यंत्राने कापतात. आपल्याला पट्टी नि कात्री पुरे.

आधी 9 इंच लांब, 4 इंच रुंद पाकीट आणा. मग जाड तपकिरी कागद 8 इंच लांब, 7 इंच रुंद कापा. लांब कडा एकमेकींवर आणून दुमडा. साडेतीन इंच रुंदीचे कार्ड झाले. पाकिटात घालून पाहा.

तांदळाच्या पिठीत पाणी नि थोडा डिंक कालवा. डिंक नसेल तर रंग झडतो. बांबूच्या काडीचे टोक चेचून कुंचला करा. लांब कार्डावर नाचणाऱ्यांची रांग छान बसते. पुढे तारपा वाजवणारा काढा.

विकायचे असेल तर हिशेब वहीत मांडा. कागद, पाकीट, डिंक यांचा खर्च लिहा. त्यात आपली मजुरी धरा. ती विसरलो, तर फुकट राबलो!

शेवटी कार्डामागे आपले नाव नि गाव लिहा. भिंतीवरचा चौक कोणी लिहिला, हे गावाला ठाऊक असते. कार्ड मात्र परमुलखात जाते. तिथे आपली ओळख आपले अक्षरच सांगेल.