अंजिराचं फूल असतं कुठे?



सुक्या अंजिराची पाकिटं विकताना हल्ली गिऱ्हाईक विचारतं, "ताई, यात माशी असते म्हणे? उपासाला चालतं का?" मोबाईलवर तसा मेसेज फिरतोय. "छे हो, काहीतरीच!" एवढं म्हणून भागत नाही. खरं काय ते आपल्याला माहीत पाहिजे.

कुणी बऱ्याच दिवसांनी दिसलं की आपण म्हणतो, उंबराचं फूल झालीस. पण उंबर काय, अंजीर काय, फुलं भरपूर येतात. फक्त ती आत असतात. कोवळं अंजीर उभं चिरून बघा. आतून बारीक बारीक शेकडो फुलं चिकटलेली दिसतील. म्हणजे ती फुलांनी भरलेली पिशवीच. टोकाला एक बारीक भोक, तेही खवल्यांनी झाकलेलं.

उंबराच्या एकाच फळात नर आणि मादी दोन्ही फुलं असतात. अंजिरात मात्र पपईसारखी झाडं वेगळी. आपण खातो त्या झाडावर फक्त मादी फुलं, लांब नळीची. दुसरं झाड रानअंजिराचं. त्यात परागाची नर फुलं, आणि सोबत आखूड नळीची मादी फुलं. जेमतेम 2 मिलिमीटरची एक माशी या आखूड फुलांत अंडी घालते. पिल्लं तिथंच वाढतात. नराला पंख नसतात, तो आतच मरतो. मादी अंगावर पराग घेऊन बाहेर पडते आणि नवं अंजीर शोधते. आत शिरताना बिचारीचे पंख तुटतात. रानअंजिरात शिरली तर ठीक. खायच्या अंजिरात शिरली तर फसली! फुलाची नळी लांब, तिची अंडी घालायची सुई तिथवर पोचत नाही. पराग तेवढा लागतो, बी धरतं, आणि ती तिथंच मरते.

तुर्कस्तानच्या स्मर्ना जातीला ही माशी लागतेच. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ती झाडं नेऊन लावली, तर फळं पिकायच्या आधीच गळायची. 1899 मध्ये माशी तिथं रुजली, तेव्हा कुठं पीक हाती आलं.

आपल्या पुरंदरकडची पुणे अंजीर जात परागाशिवायच फळ धरते. तिला माशी लागत नाही. दाताखाली करकरतं ते बी. हे गिऱ्हाइकाला बिनधास्त सांगा. बाहेरचं अंजीर आणून पाकिटं भरत असाल तर मात्र अशी ग्वाही देऊ नका; माल कुठला ते पाकिटावर लिहा. आणि पिकून फुटलेल्या फळात दुसरे किडे शिरतात, ते निराळं. अशी फळं वाळवायच्या आधीच निवडून बाजूला काढा.