उपवास सुटतो, आजार आपोआप सुटत नाही



मराठीत खाण्याविषयी शब्द भरपूर आहेत. अन्नावरची वासना उडते, घास घशाखाली उतरत नाही, खाल्लेलं अंगाला लागत नाही. पण खाण्याशी असलेलं नातंच आजारी पडलं, तर त्याला घरात काय म्हणायचं? पुस्तकात 'आहारविकार' लिहितात, बोलताना आपण 'ईटिंग डिसऑर्डर' म्हणतो. हा आजार ओळखायचा कसा आणि मदत कुठे मागायची, एवढंच या लेखात मांडते.

प्रमुख प्रकार तीन. पहिला ॲनोरेक्सिया नर्व्होसा. यात माणूस खाणं इतकं कमी करतो की शरीर उपाशी पडतं, तरी त्याला धोका जाणवत नाही. लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या डॉक्टरांनी १८७३ मध्ये स्वतंत्रपणे याचं वर्णन केलं. दुसरा बुलिमिया. यात ताबा सुटून खूप खाल्लं जातं आणि मग ते शरीराबाहेर काढण्याची धडपड होते. याचं वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केलं. तिसरा बिंज ईटिंग. यात ताबा सुटतो, मागून शरम येते, पण ती धडपड नसते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत याला २०१३ मध्ये स्वतंत्र आजाराचं स्थान मिळालं. वजनावरून हे आजार ओळखू येतीलच असं नाही, आणि ते मुलग्यांनाही होतात.

कुणी म्हणेल, आपल्याकडे तर उपवासाची सवयच आहे. खरं आहे. पण एकादशी दुसऱ्या दिवशी सुटते, रोजा संध्याकाळी सुटतो, ख्रिस्ती उपवासकाळ ईस्टरला संपतो. उपवासाला दिवस असतो, सोबत असते आणि शेवट असतो. आजारात यातलं काहीच नसतं, वर तो लपवावा लागतो. 'आज माझा उपवास आहे' हे वाक्य आठवड्यात चारदा ऐकू आलं, तर कान टवकारावेत.

आपल्याकडे हा आजार वेगळ्या भाषेत बोलतो. एस. के. खंडेलवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये पाच भारतीय तरुणींची माहिती प्रसिद्ध केली. खाणं नाकारणं, सततच्या उलट्या, वजन घटणं, पाळी बंद होणं ही लक्षणं त्यांच्यात होती. पण 'मी जाड आहे' ही पाश्चात्त्य पुस्तकांतली ठळक भीती तिथे तशी दिसली नाही.

हे वाचलं आणि मला माझी मावसबहीण आठवली. आमचं कुटुंब खानदेशातून येऊन कामरेजला स्थिरावलेलं. घरात मराठी, दवाखान्यात गुजराती. ती दोन्ही भाषांत एकच सांगायची, 'पोटात दुखतं'. पोटाच्या तपासण्या झाल्या, दृष्टही काढून झाली. 'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' म्हणणाऱ्या या मुलखात लग्नाच्या पंगतीत ताट पुढे सारणारी मुलगी म्हणजे नखरेल, असंच सगळे समजले. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला बसवून विचारलं, "जेवायच्या वेळी मनात काय येतं गं?" त्या प्रश्नापासून तिचे उपचार सुरू झाले. बरं व्हायला दीड वर्ष लागलं.

'मनात आणलं तर खाईल की!' हे वाक्य का चुकीचं, ते एका जुन्या प्रयोगातून कळतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अपुऱ्या आहारावर ठेवलं. ती धडधाकट मुलं चिडचिडी, उदास आणि एकलकोंडी झाली. काहीजण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची. खाणं पूर्ववत झालं तरी मन लगेच सावरलं नाही. म्हणजे उपासमार स्वतःच विचार बदलते. अशा मनाला केवळ इच्छाशक्तीचा सल्ला पुरत नाही.

जबरदस्तीने एकदम भरवणंही धोक्याचं. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं, तर रक्तातले क्षार, विशेषतः फॉस्फेट, झपाट्याने घटतात आणि जीवावर बेतू शकतं. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम कमी होतं, हृदयाची लय बिघडते. म्हणून शिऱ्याच्या वाटीआधी डॉक्टर हवेत.

मदत कुणाची घ्यायची? फिजिशियन शरीर तपासतात. मानसोपचारतज्ज्ञ निदान करतात, गरज पडल्यास औषध देतात. मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात. आहारतज्ज्ञ जेवणाची घडी बसवतात. किशोरवयीन मुलांच्या उपचारात पालकांनाही सामील करून घेतात. कामरेजहून सुरत गाठणं अवघड नाही. न्यू सिव्हिल आणि स्मीमेर या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. जाण्याआधी नुसतं बोलायचं असेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या या सेवेचा क्रमांक १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा आणि गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. चक्कर, छातीत धडधड किंवा जीव द्यावासा वाटणं, यांपैकी काही असेल तर मात्र वाट न पाहता थेट रुग्णालयात जावं.

आणि आपण काय करायचं? 'बारीक झालीस, छान दिसतेस' आणि 'सुटलीस गं' ही दोन्ही वाक्यं टाळू या. ताटावर नजर ठेवण्यापेक्षा 'हल्ली तू गप्प असतेस, चल, डॉक्टरांकडे मी येते सोबत' असं म्हणू या. पहिल्यांदा ती चिडेल. आठवड्याने पुन्हा विचारावं.

चर्चेसाठी प्रश्न
१. आपल्या घरी शरीरावरून कोणती विशेषणं सहज वापरली जातात?
२. 'भूक नाही' या दोन शब्दांमागे काय काय दडलेलं असू शकतं?
३. 'आहारविकार'पेक्षा घरात सहज बोलता येईल असा मराठी शब्द तुम्हाला सुचतो का? सुचल्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत जरूर सांगा.