वाकलं की बरं, ताठ झालं की दुखतं

खांब-कोलाड पट्ट्यात लावणी करणाऱ्या बाईची कंबर दुखली तर त्याला कुणी आजार म्हणत नाही. माझं दुखणं मात्र कमरेपेक्षा पायांत जास्त होतं. दिवसभर खाचरात वाकून काम करताना त्रास नसे. बांधावरून ताठ चालत हायवेकडे निघाले की मांड्या-पोटऱ्या भरून येत, मुंग्या येत, पाय उचलेना. पुढे वाकून बसले की उतरे. गुडघ्याचं म्हणून गुडघ्यात इंजेक्शनं झाली, वाताचं म्हणून तेलं आणि पट्टे झाले. वर्षं गेली.

पुढे मुंबईतल्या डॉक्टरांनी विचारलं, ‘‘मावशी, नुसतं उभं राहिल्यावर बरं वाटतं, की बसावंच लागतं?’’ नुसतं थांबून पाय मोकळे होत असतील तर दोष रक्तवाहिन्यांचा असू शकतो, म्हणून त्यांनी पावलांची नाडीही पाहिली. मला बसावंच लागे. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये नसांची वाट अरुंद झालेली दिसली. वयानं मणक्यांचे सांधे वाढतात, आतला बंध जाड होतो, चकती फुगते. वाकल्यावर ती वाट जरा रुंदावते, ताठ झाल्यावर आवळते. लावणीत मला बरं का वाटायचं, ते तेव्हा कळलं.

त्याआधी एका ठिकाणी मला मणके जोडण्यासाठी लगेच स्क्रू आणि सळ्या बसवायला सांगितलं होतं. खर्चाचा आकडा ऐकून घरात शेत गहाण टाकायची भाषा सुरू झाली. इथेच थांबा, असं मी प्रत्येकीला सांगते. हा आजार बहुधा सावकाश वाढतो. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला वेळ असतो. त्यांना विचारा, मणका सरकतोय का? वाकून आणि मागे झुकून काढलेल्या एक्स-रेमध्ये ते दिसतं. माझा सरकत नव्हता. मग हाडाचा आणि बंधाचा दाबणारा भाग काढून नसा मोकळ्या केल्या, स्क्रू लागले नाहीत. स्वीडनमध्ये अडीचशेच्या आसपास रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात नसा मोकळ्या करण्याबरोबर मणके जोडल्यानं जास्तीचा फायदा दिसला नाही. काहींना जोडणी लागते, पण का लागते ते डॉक्टरांनी समजावून सांगायला हवं.

खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांपासून साखर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, काही लपवू नका.

या शस्त्रक्रियेनं चालणं सुधारतं; कंबरदुखी जाईलच असं नाही. माझे तळवे अजून थोडे बधिर आहेत, फार काळ दबलेल्या नसा पुरत्या सावरतातच असं नाही. मला दुसऱ्या दिवशी चालवलं, पण जड उचलणं, खाली वाकणं, उकिडवं बसणं पुढे बराच काळ बंद होतं. आमच्या हायवेच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू होऊन रखडलं होतं. त्या रस्त्यावरच्या खड्ड्यांतून घरी येताना मी गाडी हळू हाकायला लावली आणि मध्ये उतरून पाय मोकळे केले.

लघवी अडली, लघवी किंवा शौच झालेलं कळेनासं झालं, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पावलातली ताकद गेली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री १०८ला फोन करा आणि मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात पोहोचा.