चालत्या यंत्राच्या प्रतिकृतीविषयी

माथेरान

चि. बाळास,

पत्र पावले. ‘स्टार वॉर्स’ चित्रमालेतील त्या चतुष्पाद युद्धयंत्राची, एटी-एटीची, स्वतःच्या आराखड्याने लेगोच्या विटांत चालती प्रतिकृती उभारण्याचा तुझा संकल्प मला मनापासून आवडला. आणि पडद्यावरील मापे यथातथ्य पाळावीत तर यंत्र पहिल्याच पावलाला कोलमडते, ते सावरावे म्हणून पाय जाड करावेत तर त्याची सारी ऐट जाते, ही जी तुझी तक्रार आहे, तीत या कलेचे मर्मच आलेले आहे.

संथ चालणाऱ्या यंत्राने चारांपैकी एक पाय उचलला, की उरलेल्या तीन पावलांचा जो त्रिकोण भूमीवर होतो त्याच्या आतच गुरुत्वमध्याचा लंब पडला पाहिजे, हा येथला मुख्य कायदा. १९८० च्या चित्रपटासाठी ज्यांनी हे यंत्र एकेका चौकटीसाठी हाताने हलवून चालविले, त्यांनी हत्तीच्या चालीचा बारकाईने अभ्यास केला होता. परंतु त्या बाहुल्यांवर आपला तोल आपण राखण्याची जबाबदारी नव्हती, तुझ्या यंत्रावर ती आहे. लेगोने २०२१ साली काढलेला ६,७८५ तुकड्यांचा भव्य संचदेखील उभा राहण्यासाठी आहे, चालण्यासाठी नव्हे.

आमच्या गावी मोटारींना मज्जाव असल्याने दस्तुरी नाक्यावरून घोड्यांची ये-जा दिवसभर चालू असते. संथ चालीचा घोडा आधी मागचा पाय टाकतो, मग त्याच बाजूचा पुढचा, नंतर दुसऱ्या बाजूचा मागचा व शेवटी तिकडचा पुढचा; आणि तांबड्या मातीच्या उतारावर घोडेवाला नवख्या स्वारास “मागं रेला, साहेब” असे बजावतो, चढ लागताच पुढे झुकावयास सांगतो. पायांची जाडी न बदलता केवळ भार हलवून तोल कसा साधतो, हे याहून स्पष्ट दाखविणारा धडा कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही.

तेव्हा पाय जाड करण्याचा बेत रद्द कर. पुढे निघालेले मस्तक आतून पोकळ ठेव. विजेऱ्यांची पेटी पोटाच्या तळाशी, किंचित मागे बसव. गुडघ्यातील खटक्यांच्या बिजागऱ्या भाराने हळूहळू ढळतात, म्हणून पायाच्या आत लेगोच्याच टेक्निक प्रकारातील भोकांच्या पट्ट्यांचा सांगाडा घाल. त्या भोकांमध्ये नेमके ८ मिलिमीटर अंतर असते, त्यामुळे गवंडी काटकोन साधण्यास दोरीने जे ३-४-५ चे माप धरतात, तेच तेथे तिरपा आधार देताना बिनचूक जुळते. मात्र मोजावयाची ती भोकांमधली अंतरे, भोके नव्हेत. इतके करूनही यंत्र डुललेच, तर सूट पावलांच्या तळव्यास दे, दोन्ही अंगांनी थोडी रुंदी वाढव. पायांच्या उंचीचे धडाशी असलेले प्रमाण मात्र कदापि मोडू नकोस, कारण पाहणाऱ्याच्या मनावर त्या यंत्राचा जो दरारा बसतो तो त्या उंचीमुळेच. अंगावरच्या बारीकसारीक तपशिलांपैकी जड तेवढे खुशाल काढून टाक. जे यंत्र चालण्यासाठीच कल्पिले गेले त्याची चाल चुकली, तर बाकीचे कितीही हुबेहूब असो, ती प्रतिकृती खोटी, असे माझे मत आहे.

दिवाळीच्या सुटीत यंत्र घेऊन ये, आणि मोटार बसविण्यापूर्वी नाक्यावर उभा राहून घोड्यांची पावले नीट पाहा.

तुझा,
मामा