पक्षाघाताचा रुग्ण : कपडे आणि शौचविधी

पक्षाघाताच्या रुग्णाच्या घरच्यांना मी प्रथम एक नियम सांगतो : कपडे घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला हात. लुळा हात ओढू नये, खांदा दुखावतो. नाडीऐवजी इलॅस्टिक, बटणांऐवजी वेल्क्रो लावावे. कमोडची खुर्ची पलंगालगत चांगल्या बाजूला ठेवावी. सकाळी चहा-न्याहारीनंतर आतड्यांची हालचाल वाढते, तेव्हा शौचास बसवावे. लघवीसाठी दिवसा दर दोन-तीन तासांनी आपणहून विचारावे. इतरांना त्रास नको म्हणून अनेक रुग्ण पाणी पिणेच कमी करतात. त्यामुळे बद्धकोष्ठता होते, लघवीत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. दार लोटून घ्यावे, जमेल तेवढे रुग्णालाच करू द्यावे. अंग लुळे पडले तरी लाज जात नाही. लघवीला जळजळ वा ताप असल्यास मात्र त्वरित डॉक्टरांना दाखवावे.